आठ उजवे पाय

लोक मला डीजे समजतात. आमच्या नाहूरच्या सोसायटीत थर्टी फर्स्टला गच्चीवर गाणी लावायला दरवर्षी माझंच नाव निघतं. बायकोच्या माहेरी माझी ओळख 'लाउडस्पीकरवाले जावई' अशी आहे. दोन्हींत थोडं तथ्य आहे, म्हणून मी वाद घालत बसत नाही. पण दिवाळी अंकात पानं मिळालीच आहेत, तर एकदाचं सांगून टाकतो. मी साउंड इंजिनिअर आहे. कॉलेजात शिकलेला नाही, वायरी गुंडाळत शिकलेला. चौतीस वर्षं झाली.

काम काय, तर स्टेजवर कुणी गातं, कुणी वाजवतं, ते माइकमधून माझ्याकडे येतं, मी ते नीटनेटकं करतो आणि स्पीकरमधून तुमच्याकडे पाठवतो. ऐकायला सोपं आहे. पण स्टेजवर दहा माणसं असली की माझ्याकडे वीस-पंचवीस वायरी येतात आणि त्या दहाही जणांना आपलाच आवाज कमी आहे असं वाटत असतं. शिवाय गाणाऱ्याला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून त्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून एक स्पीकर ठेवावा लागतो. त्याला मॉनिटर म्हणतात. तो जास्त वाढवला तर माइक त्याचाच आवाज पुन्हा ओढतो आणि कानाचे पडदे फाटतील अशी शिटी वाजते. शिटी वाजली की सगळी गर्दी एकदम मागे वळून माझ्याकडे बघते. एरवी माझ्या टेबलापाशी लोक येतात ते टॉयलेट कुठे आहे हे विचारायला.

तक्रारवाले वेगळे. मुलुंडला एका मैदानात कार्यक्रम होता. बाजूच्या सोसायटीचे सेक्रेटरी तावातावाने आले. आवाज फार होतोय, घरात आजारी माणूस आहे, मी पोलिसांना बोलावणार. मी म्हटलं, सॉरी काका, लगेच कमी करतो, आणि एक बटण खाली ओढलं. ते क्षणभर कान देऊन उभे राहिले, "हां, आता ठीक आहे," म्हणाले आणि गेले. स्पीकर तोपर्यंत टेम्पोतून उतरायचे होते. मी मात्र त्यांना हसलो नाही. आवाजाचा त्रास माणसाला आवाज सुरू व्हायच्या आधीपासून होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सुरुवातीची वीस वर्षं मी ऑर्केस्ट्रा, वाढदिवस, गरबा आणि गणपती यांत काढली. मग दहा-बारा वर्षांपूर्वी हे फोकचं वारं आलं. लोकसंगीत म्हणजे पूर्वी फेटे बांधलेल्या कलाकारांचा सरकारी कार्यक्रम आणि पुढच्या रांगेत पेंगणारे पाहुणे. आता तरुण पोरं-पोरी तिकीट काढून येतात, उभं राहून ऐकतात, नाचतात. स्टेजवर राजस्थानी गायकाच्या शेजारी गिटारवाला, ईशान्येकडच्या पहाडी गाण्यांना ड्रम, कुठे तुणतुण्याबरोबर व्हायोलिन. आणि परदेशातून आलेले बँड, ज्यांच्या वाद्यांची नावं मला अजून धड उच्चारता येत नाहीत.

माझं खरं नाव झालं ते या कामात, आणि ते का झालं तेही सांगतो. गिटारला माइक कसा लावायचा हे पुस्तकात लिहिलेलं असतं. दुधी भोपळ्याला, बकऱ्याच्या कातड्याला, बांबूला माइक कसा लावायचा हे कुठेच लिहिलेलं नाही. तिथे कान लागतात. ते मला अंधेरीच्या एका हॉलमध्ये आले, आणि तेही शोभा होऊन.

आफ्रिकेतून एक कलाकार आले होते. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या, त्या अंगठ्यांनी छेडायच्या, असं त्यांचं वाद्य. सूर फार गोड, पण मागून सतत झर्रर्र असा आवाज. मी शोधून काढलं. फळीला खाली बाटल्यांची बुचं ठोकलेली होती आणि ती सैल झाली होती. कलाकार जेवायला गेल्यावर मी मोठ्या कळकळीने प्रत्येक बूच काळ्या चिकटपट्टीने बंद करून टाकलं. ते परतले, दोन सूर वाजवले, वाद्य उलटं करून बघितलं आणि पोट धरून हसत सुटले. बुचं मुद्दाम सैल ठेवलेली असतात. ती झरझर नसेल तर ते वाद्य त्यांच्या लेखी मुकं. एकेक पट्टी सोलून काढताना मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो.

तेव्हापासून मी नियम केला. कुठलंही वाद्य असो, आधी माइक नाही, वायर नाही. वाजवणाऱ्यासमोर हातभर अंतरावर मांडी घालून बसायचं आणि पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. मग विचारायचं, यातलं काय गेलं तर तुमचं वाद्य मेलं? या प्रश्नावर कलाकार खूश होतात. बँडवाले आपापसात सांगतात, मुंबईत शो असेल तर विलासदादांना घ्या, ते आधी ऐकतात. ही पदवी मी मोठ्या तोऱ्यात मिरवत होतो. गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारपर्यंत.

तन्वी नावाची एक मुलगी असे कार्यक्रम भरवते. तिशीतली, वेळेची पक्की, रात्री दहाला आवाज बंद करायचा म्हणजे नऊ अठ्ठावन्नला बंद करणारी. भांडुपजवळच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये तिने चार गटांची संध्याकाळ ठरवली होती. पहिला ईशान्येकडचा बँड, दुसरे राजस्थानी गायक, शेवटी पश्चिम आफ्रिकेतले दोघे भाऊ, एकवीस तारांचं मोठं वाद्य घेऊन येणारे. तिसरी जागा रिकामी होती.

"विलासदादा, जिथे शो आहे तिथलंच काहीतरी हवंय," ती म्हणाली. "भांडुपचं काय आहे?"

"भांडुपचा जाखडी नाच आहे," मी म्हणालो. बोलून गेलो आणि मग माझंच मला नवल वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाखडी हा आमच्या रत्नागिरीकडचा नाच. मधोमध गाणारा, मृदंगवाला, टाळवाले बसतात आणि त्यांच्याभोवती आठ जण गोल फिरत नाचतात. प्रत्येकाच्या फक्त उजव्या पायात घुंगरांचा पट्टा. गणपतीत गावात हा नाच घरोघरी होतो. गिरण्यांच्या काळात कोकणी माणसाबरोबर तो मुंबईत आला, तेव्हा इथल्या लोकांनी त्याला बाल्या डान्स म्हणायला सुरुवात केली. कोकणातून घरकामाला आलेल्या गड्यांच्या कानात बाळी असायची म्हणून ते बाल्या. माझे बाबा गिरणीत होते आणि साठीपर्यंत नाचले. मी चौदा वर्षांचा असताना शाळेतल्या मुलांनी मला 'ए बाल्या' म्हणून हाक मारली, आणि त्यानंतर बाबा दरवर्षी बोलवायचे तरी मी कधी त्या गोलात पाय ठेवला नाही. पुढे साउंडच्या धंद्यात पडलो. आमचा खरा हंगाम गणपतीचा. त्या दहा दिवसांत साउंडवाल्याला मरायलाही सवड नसते. त्यामुळे गणपतीत गावाला जाणं चौतीस वर्षांत एकदाही झालं नाही. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

मंडळ अजून चालू होतं. ते चालवत होते महादेवकाका. बाबांबरोबर गिरणीत एकाच खात्यात होते, आता सत्तरी उलटलेली, आणि मृदंग तेच वाजवतात. मी भांडुपच्या टेकडीवर त्यांच्या घरी गेलो, सगळं समजावून सांगितलं.

"तिकीट काडून बगणार आमाला?" काकांनी विचारलं.

"हो काका. परदेशातले कलाकारपण आहेत."

"आणि हसणार नाय ना कोण?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला, पण घरातली सगळी माणसं माझ्या उत्तराकडे कान लावून बसली. मी म्हटलं, "काका, मी आहे ना. तुमचा आवाज माझ्या हातात आहे."

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहाटेपासून शेडमध्ये होतो. वर पत्रा, खाली कोबा, चारी बाजूंनी भिंती. टाळी वाजवली तर ती तीनदा परत येत होती. आमच्या धंद्यात याच्याइतकी वाईट जागा नाही. त्यात स्टेज लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड ठोकून केलेलं. सकाळी ईशान्येकडची मंडळी चालून बघत होती, तर प्रत्येक पाऊल धम्म करून सगळ्या माइकमध्ये शिरत होतं. यावर आमचं ठरलेलं औषध म्हणजे कार्पेट. मी जाड कार्पेटचे दोन थर स्टेजभर पसरले. पावलांचा आवाज एकदम गायब. मी आणि माझा जोडीदार मनोज, आम्ही एकमेकांना टाळी दिली.

दुपारी आफ्रिकेतल्या भावांसमोर मी नियमाप्रमाणे मांडी घालून बसलो, पाच मिनिटं ऐकलं, माझा तो प्रश्न विचारला. राजस्थानी गायकांनाही विचारला. तीनच्या सुमारास महादेवकाका आले. त्यांच्याबरोबर गाणारे बुवा आणि टाळवाले, एवढेच. नाचणारे आठही जण कामावर होते. कुणी एमआयडीसीत, कुणी हॉस्पिटलात, कुणी मेट्रोच्या देखभालीला. शनिवारची हाफ डे सगळ्यांना कुठली? ते सात वाजता येणार होते.

काकांसमोर मी बसलो नाही. पाच मिनिटं ऐकलं नाही. प्रश्नही विचारला नाही. जाखडीचं काय ऐकायचं, ते तर आपलंच, असं मनात होतं. मी बुवांना माइक दिला, मृदंगाला दोन बाजूंनी दोन दिले, समोर चार मॉनिटर ठेवले. नाचणारे गोल फिरणार म्हणजे वायरी पायात येतील, हे मात्र मला बरोबर सुचलं. सगळ्या वायरी मी वरून, लाइटच्या दांडीवरून खाली सोडल्या. मनोज म्हणाला, "दादा, मानलं." माझी छाती फुगली.

आवाज झकास लागला. काकांनी स्वतःचा मृदंग मॉनिटरमधून ऐकला आणि लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी तळव्याने कार्पेट चाचपलं.

"विलास, ह्ये असाच राहणार काय?"

"हो काका. मऊ आहे, गुडघ्यांना बरं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि मृदंग गवसणीत घातला. मी मनोजला पुढचं काम सांगायला वळलो.

साडेसहापासून गर्दी जमायला लागली. एकीकडे कागदी कप हातात घेतलेली अंधेरी-पवईची तरुण मंडळी, दुसरीकडे भांडुपच्या टेकडीवरून आलेली अख्खी कुटुंबं. आज्ज्या, काकवा, कडेवर पोरं, नवीकोरी नऊवारी. तन्वीने त्यांच्यासाठी भिंतीकडेला सतरंज्या घातल्या होत्या. दोन्ही गट एकमेकांकडे चोरून बघत होते.

पहिले दोन कार्यक्रम छान झाले. साडेआठला जाखडीचं नाव पुकारलं. मंडळी मधोमध बसली, बुवांनी गणपतीचं गाणं उचललं. टिपेचा आवाज त्या पत्र्याखाली असा चढला की कपवाली मंडळी गप्प झाली. मग आठ जण ओळीने आत आले. पुढे संदेश नावाचा तरुण, दिवसभर मशीनवर उभा राहून आलेला, पण ताठ. गोल धरला, पाय सुरू झाले. मी मान डोलावत होतो.

लय दुप्पट झाली तेव्हा बिघडायला लागलं. आधी मला वाटलं मृदंग थोडा ओढतोय. मी तो मॉनिटरमध्ये वाढवला. तर नाचणारे पुढे, मृदंग मागे. मी आणखी वाढवला. आता गोलाचा पुढचा भाग एका लयीत आणि मागचा दुसऱ्या लयीत. एकाचा खांदा दुसऱ्याला लागला. पुढे उभ्या असलेल्या घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं, त्याचं बघून दुसरं हसलं. उंचावलेले मोबाइल खाली आले. काही जण खाण्याच्या स्टॉलकडे निघाले. सतरंजीवरच्या बायका मात्र हलल्या नाहीत. त्या मांडीवर हात ठेवून स्टेजकडे बघत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

काकांनी मृदंगावरून हात उचलला.

जाखडीत गाणं चालू असताना मृदंग थांबत नाही. एवढं मलाही माहीत होतं. बुवांचा आवाज अर्ध्यात तुटला. सगळी शेड गप्प झाली. काकांनी मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं, चाळीस फुटांवरून. रागाने नव्हे. हॉस्पिटलात माणूस डॉक्टरकडे बघतो तसं.

आणि त्या शांततेत संदेशने, सवयीनेच असेल, उजवा पाय आपटला. घुंगरू किंचित किणकिणले. पाय मात्र कापसावर पडावा तसा पडला. आवाजच नाही. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आठ नाचणाऱ्यांपैकी चार जण नेहमी काकांच्या पाठीमागे असतात. काका त्यांना बघत नाहीत, ऐकतात. मृदंग पायांना चालवत नाही, आठ उजवे पाय मिळून मृदंगाला चालवतात. ते पाय म्हणजे अर्धं वाद्य आहे, आणि मी त्या वाद्याखाली दोन थर कार्पेट घातलं होतं. वर मॉनिटरचा ढोल बडवून उरलंसुरलं बुजवलं होतं.

साउंडवाल्याने शो चालू असताना कन्सोल, म्हणजे बटणांचं ते टेबल, सोडायचा नाही, हा आमच्यातला पहिला धडा. मी तो सोडला आणि स्टेजकडे पळालो. पायरीपाशी तन्वी उभी होती, हातात वेळापत्रकाचा कागद.

"विलासदादा, काय झालं? इथेच थांबवू या का? मी टाळ्या घेते, छान निरोप देते त्यांना. आफ्रिकेवाले बाकी आहेत, दहाला बंद करायचंय."

"तन्वी, आत्ता निरोप दिलास तर ही माणसं जन्मभर म्हणतील की आपण स्टेजवर चुकलो. ते चुकलेले नाहीत. मी चुकलोय. मला दहा मिनिटं दे."

"दहा नाहीयेत."

आफ्रिकेतले दोघे भाऊ बाजूलाच उभे होते. त्यांना भाषा समजली नसावी, पण थोरल्याने तन्वीच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं, स्वतःच्या नावावर नख ठेवलं आणि दोन बोटं जवळ आणून दाखवली. आमचं कमी करा. तन्वी घड्याळ बघत म्हणाली, "आठ मिनिटं. पळा."

चौतीस वर्षांत मी माइकमध्ये 'चेक, चेक, हॅलो' यापलीकडे काही बोललेलो नाही. त्या दिवशी बुवांच्या हातातून माइक घेतला. आधी मराठीत बोललो, मग माझ्या हिंदीत.

"नमस्कार. मी साउंडवाला. आत्ता जे बिघडलं ते यांचं नाही, माझं बिघडलं. यांचं अर्धं वाद्य म्हणजे यांचे पाय. ते मी कार्पेटखाली पुरून ठेवले. मी स्वतः यांच्याच गावचा, तरी मला कळलं नाही. आता आम्ही कार्पेट काढतोय. कुणी हसला असेल तर त्याने मला हसावं. आणि कुणी जाऊ नका."

मग सतरंजीवरून एका म्हातारीचा आवाज आला, "काड रे लवकर!" आणि सगळी शेड हसली. हे हसू वेगळं होतं. 

जाड कार्पेट, त्यावर माइकचे स्टँड, माणसं, वाद्यं. संदेश आणि बाकीचे सातही जण वाकले, दोघे भाऊ आपले झब्बे खोचून वाकले, पुढच्या घोळक्यातले तिघे-चौघे कप खाली ठेवून वर चढले. गुंडाळी करून कार्पेट मागे ढकललं. मी मनोजला ओरडून सांगितलं, मॉनिटर सगळे बंद, एकही नको. दोन माइक उपटले, फोममध्ये गुंडाळले आणि स्टेजखाली घुसलो. लोखंडी सांगाड्याला, प्लायवूडपासून वीतभर खाली, ते चिकटपट्टीने लटकवायचे होते. एक लावला. दुसरा लावत होतो तेवढ्यात वर काकांनी मृदंगावर थाप मारली.

मला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. आठ उजवे पाय माझ्या डोक्यावर एकदम पडले.

ते काय होतं हे मला लिहिता येणार नाही, पण प्रयत्न करतो. सकाळपासून ज्या प्लायवूडशी आणि पत्र्याशी मी भांडत होतो, ती दोन्ही आता नाचणाऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. पाय पडला की प्लायवूड घुमायचं, पत्रा त्याला उत्तर द्यायचा, त्यावर घुंगरांची सर यायची, आणि मधोमध काकांचा मृदंग, सत्तर वर्षांच्या माणसाचा वाटणार नाही असा. लय दुप्पट झाली, मग चौपट. एकही पाय मागे राहिला नाही. मी खाली धुळीत उताणा पडलो होतो आणि रडत होतो. कन्सोलवर मनोज होता. त्याने काही केलं नाही, आणि तेच बरोबर केलं.

बाहेर आलो तेव्हा भिंतीकडेच्या बायका उभ्या राहून टाळ्यांनी लय धरत होत्या आणि कपवाली मंडळी त्यांच्याकडून ती शिकत होती. थोरला भाऊ विंगेत बसून स्वतःच्या मांडीवर ताल धरत होता. गाणं संपलं तेव्हा जो गजर झाला तसा मी या धंद्यात फार थोड्या वेळा ऐकला आहे. आणि त्यात माझं कर्तृत्व एवढंच की मी मध्ये घातलेलं उचलून बाजूला केलं. तरी अभिमान वाटला. अजून वाटतो. शेवटचा कार्यक्रम दोघा भावांनी आटोपशीर केला, आणि तन्वीने नऊ अठ्ठावन्नला आवाज बंद केला.

सामान आवरताना मी काकांपाशी गेलो. त्यांच्या पायाशीच बसलो.

"काका, दुपारी तुम्हाला कळलं होतं ना? कार्पेट चाचपलंत तेव्हा?"

"कळलेला."

"मग बोलला का नाहीत?"

काका गवसणीची नाडी बांधत होते. "मला वाटला, तू आमचा पोरगा, तुजा बाप पन्नास वर्सा नाचलेला, तू बगूनच घातला असशील कायतरी. तुज्या शास्त्रात बसत असंल. आता तुला काय शिकवायचा?" त्यांनी गाठ मारली. "मंग पाय सुरू झालं, तवा ध्यानात आला. तू एकपण गणपतीला आला नायस. तुला कुठनं ठाऊक असणार?"

त्यात टोमणा नव्हता. काका तसे नाहीतच. त्यांना कोडं पडलं होतं, ते सुटलं, एवढंच. मी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस झोपताना तेच वाक्य ऐकत होतो.

यंदाच्या गणपतीत मी एकही काम घेतलं नाही. जुन्या मंडळांनी फोन करकरून विचारलं, तब्येत ठीक ना? मनोजच्या हाती सगळं देऊन मी गुहागरकडच्या आमच्या गावी गेलो. गणपतीत भांडुपचं मंडळही गावीच असतं; तिसऱ्या दिवशी आमच्या दारात नाच आला. घरासमोरचं खळं, जमीन चोपून घट्ट केलेली, मधोमध काका आणि बुवा. माइक नाही, स्पीकर नाही. मी पडवीच्या पायरीवर बसून ऐकत होतो, आणि इतक्या वर्षांत गणपतीत मला प्रथमच काही काम नव्हतं.

घाटकोपरच्या मंडपातून मनोजचा फोन आला. "दादा, एक स्पीकर शिटी मारतोय. आणि तुमच्या मागे काय चालू आहे? बेस काय भारी येतोय! कुठली सिस्टीम लावलीय?"

"सिस्टीम नाही रे. माणसं नाचतायत," मी म्हणालो आणि फोन खळ्याकडे धरला.

गाणं संपलं. संदेशला पाणी हवं होतं. त्याने घुंगरांचा पट्टा सोडून माझ्या हातात दिला आणि तो घरात गेला. काकांनी गोलातल्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चल. एक पाय कमी हाय."

"काका, मला नाही येत. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुठे? चुकेन मी."

काकांनी मृदंग मांडीवर ओढून घेतला. मी समोर उभा होतो, तरी ते माझ्याकडे पाठ करून बसले.

"चुकलास तर सांगीन," ते म्हणाले. "मला ऐकू येतंय."